झोपेतला श्वास आणि निपाणीचा हमरस्ता

रात्री दोन ते पहाटे पाच ही महामार्गावरची सगळ्यात वाईट वेळ. कोगनोळीचा टोलनाका मागे टाकून गाड्या निपाणीत येतात, तवंदी घाट चढतात आणि संकेश्वर, हत्तरगी, काकती करत बेळगाव गाठतात. जुना चार नंबरचा हायवे, आताचा ४८ नंबरचा. मुंबई-पुण्याचा माल बंगळूरला आणि तिकडचा इकडे याच रस्त्यानं जातो. या पट्ट्यात रात्रीचा अपघात झाला की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्याचं कारण सांगायला कुणालाच वेळ लागत नाही. ‘ड्रायव्हरला डुलकी लागली असणार.’ तिथं चौकशी संपते. डुलकी का लागली, हे कुणी विचारत नाही, कारण त्याचंही उत्तर सगळ्यांना पाठ असतं: रात्रंदिवस गाडी हाकतो, त्याला झोप कुठली मिळायला?

हे उत्तर पुष्कळदा खरंही असतं. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. ती किती पाळली जाते ते कुठल्याही ढाब्यावर अर्धा तास बसलं तरी कळतं. पण या खऱ्या उत्तराच्या आड दुसरं एक कारण वर्षानुवर्षं दडून राहतं. एखादा ड्रायव्हर फेरी संपवून घरी येतो, चांगला आठ तास झोपतो आणि तरीही उठताना त्याचं डोकं जड असतं, तोंडाला कोरड पडलेली असते. गाडी सुरू करून तास होतो न होतो तोच डोळे मिटायला लागतात. याला झोपेचे तास मिळालेत, झोप मिळालेली नाही.

या आजाराचं नाव स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि पडजीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट बंद होते. छाती-पोट हलत असतं, हवा मात्र आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदूला धोका कळतो, तो क्षणभर जागा होतो, मोठा आवाज करून श्वास आत ओढला जातो आणि पुन्हा झोप. ही जाग इतकी ओझरती असते की सकाळी तिची आठवणही राहत नाही. श्वास किमान १० सेकंद थांबला तर ती एक घटना धरतात. तासाला अशा ५ पेक्षा कमी घटना असतील तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. तासाला ३० म्हणजे सात तासांच्या झोपेत २१० वेळा. एका रात्रीत दोनशे दहा वेळा ज्याला कुणीतरी गदागदा हलवून उठवतं, तो सकाळी ताजातवाना कसा उठेल? आणि हे एका रात्रीपुरतं नसतं. वर्षानुवर्षं रोज रात्री असंच चाललं की रक्तदाब वाढतो, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते, पक्षाघाताचा धोका वाढतो. संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत गेले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणांत याच आजाराचं नाव घेतलं आणि ते पहिल्यांदा घरोघरी पोचलं.

आजार दुर्मीळ अजिबात नाही. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी देशभरातल्या अभ्यासांची गोळाबेरीज करून २०२३ मध्ये अंदाज मांडला की भारतात कामकरी वयाच्या सुमारे १० कोटी ४० लाख लोकांना हा त्रास असावा, त्यातल्या जवळजवळ पावणेपाच कोटींना मध्यम किंवा तीव्र. त्याच्या कितीतरी आधी, २००४ साली, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेले ३५ ते ६५ वयाचे ६५८ पुरुष त्यांनी गाठले. आजारी म्हणून आलेले नव्हेत, धडधाकट. त्यांतल्या २५० जणांची झोप तपासली. हिशेब निघाला तो असा: १९.५ टक्क्यांच्या झोपेत श्वासाचा बिघाड आणि ७.५ टक्क्यांना बिघाडाबरोबर दिवसाची झोपही, म्हणजे पुरता आजार. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये १९९३ साली मध्यमवयीन पुरुषांत हेच प्रमाण ४ टक्के निघालं होतं. हा लठ्ठ पाश्चात्त्यांचा रोग, आपल्याला काय, असं म्हणायची सोय त्या आकड्यानं ठेवली नाही. आपल्याकडे सडपातळ माणसालाही हा आजार गाठतो, कारण जबड्याची ठेवण लहान आणि घशातली जागा मुळातच कमी असू शकते. त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: ती २५० माणसं तपासली गेली ती आपापल्या घरी.

घरी तपासणी हा शब्द निपाणी-चिक्कोडीच्या माणसासाठी फार मोठा आहे. कारण झोपेची पूर्ण चाचणी, म्हणजे पॉलिसोम्नोग्राफी, एक रात्र रुग्णालयात काढल्याशिवाय होत नाही. डोक्यावर मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या चकत्या, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, पायांना तारा, छातीवर ईसीजी, नाकाखाली नळी, छातीला आणि पोटाला पट्टे, बोटाला चिमटा, शिवाय कॅमेरा आणि रात्रभर जागा असलेला तंत्रज्ञ. सकाळी त्या आलेखाचे ३०-३० सेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा वाचायचा. आठ तासांचे ९६० तुकडे. आजही सगळ्यात भरवशाची चाचणी हीच. पण ती होते बेळगाव-कोल्हापूरसारख्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत, जिथं यंत्र आणि ते वाचणारा माणूस दोन्ही आहेत. सीमाभागातल्या माणसाला उपचारासाठी लांब जायची सवय जुनीच आहे. १८९४ साली वॉनलेस साहेबांनी मिरजेला मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून कानडी आणि मराठी दोन्ही बोलणारी माणसं तिथं जात आली, पुढं बेळगावात नेहरूनगरच्या केएलई रुग्णालयात जाऊ लागली. पण ही माणसं जातात ती ताप, गाठ, हाड, बाळंतपण यांसाठी. ‘घोरतो’ म्हणून बस पकडून बेळगावला एक रात्र मुक्कामाला जा, असं एखाद्या ड्रायव्हरला किंवा तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या माणसाला सांगून बघा. एक दिवसाचा रोज बुडवून तो जाणार नाही, आणि त्याचं चुकतंय असं मला म्हणवत नाही.

म्हणून घरी नेता येणारी यंत्रं महत्त्वाची. त्यातलं आता सर्रास वापरात आलेलं यंत्र एका छोट्या डब्यात मावतं. झोपायच्या आधी एक लवचिक पट्टा छातीभोवती बांधायचा. काही यंत्रांत दुसरा पोटाभोवती. मोबाईलएवढा किंवा त्याहून लहान खोका त्या पट्ट्यावर अडकवायचा. ऑक्सिजन देताना लावतात तशी मऊ नळी नाकात घालून कानांमागून घ्यायची. ही नळी हवा देत नाही, नाकातून जाणाऱ्या-येणाऱ्या हवेचा दाब मोजते. एका बोटाला चिमटा. नखाला मेंदी किंवा गडद नेलपॉलिश असेल तर ते बोट टाळायचं. आणि झोपायचं, आपल्याच अंथरुणावर, आपल्याच उशीवर. सकाळी यंत्र परत. डॉक्टर संगणकावर आलेख उघडतात तेव्हा एकाखाली एक चार-पाच रेघा दिसतात. नाकाची रेघ सपाट झाली, पण छाती-पोटाची रेघ वर-खाली होतेच आहे, याचा अर्थ माणूस श्वास घ्यायला धडपडतोय आणि वाट बंद आहे. दोन्ही रेघा एकदम सपाट असतील तर मेंदूकडूनच आज्ञा आली नाही. तो प्रकार वेगळा, त्याचे उपचारही वेगळे. ऑक्सिजनची रेघ ९६ वरून ८८, पुन्हा ९५, पुन्हा ८४ अशी करवतीच्या दातांसारखी दिसते. ती रेघ रुग्णाला दाखवली की बाकी समजावणं सोपं जातं.

या यंत्राची मर्यादाही सांगितली पाहिजे. मेंदूच्या लहरी मोजत नसल्यानं माणूस खरंच झोपला होता की कूस बदलत जागा होता, हे त्याला कळत नाही. जागेपणाचे तास हिशेबात आले की घटनांची सरासरी खाली येते आणि आजार आहे त्यापेक्षा सौम्य दिसतो. म्हणूनच लक्षणं जोरदार असताना घरची चाचणी ‘काही नाही’ म्हणाली, तर तिथं थांबायचं नाही. मग मात्र रुग्णालयातली रात्र काढायची. हृदय निकामी होत आलेले, फुप्फुसाचा मोठा आजार असलेले, पक्षाघात होऊन गेलेले रुग्ण असतील तर त्यांनी पहिल्यापासूनच रुग्णालयाची वाट धरावी.

यापुढची यंत्रं श्वासाला हातच लावत नाहीत. मनगटावर बांधायचं आणि बोटात घालायचं वॉचपॅट हे इस्रायलमध्ये तयार झालेलं यंत्र त्यातलं सगळ्यात विचारपूर्वक केलेलं. श्वास अडला आणि मेंदू दचकून जागा झाला की शरीरात एक लाट उठते: हृदयाचे ठोके वाढतात आणि बोटातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. बोटातली नाडीची लाट त्या क्षणी लहान होते. ही लहान झालेली लाट, वाढलेले ठोके आणि उतरलेला ऑक्सिजन तिन्ही एकत्र आले की यंत्र म्हणतं, इथं श्वास अडला होता. नाकातली नळी नाही, छातीचा पट्टा नाही. एकदा वापरून टाकून द्यायची आवृत्तीही २०१९ पासून निघाली आहे. ज्यांच्या हृदयाची लय कायमची बिघडलेली आहे किंवा जे रक्तवाहिन्या सैल करणारी काही औषधं घेतात, त्यांच्या बाबतीत मात्र ते फसू शकतं. बेल्जियममधल्या सनराइज या कंपनीनं तर काही ग्रॅम वजनाची एक टिकली हनुवटीला चिकटवायची कल्पना काढली. श्वासासाठी धडपड वाढली की खालचा जबडा हलतो, ती हालचालच ती टिपते.

या सगळ्यांच्या मुळाशी असलेलं साधन मात्र आपल्या घराघरांत येऊन गेलंय. २०२० च्या कोरोनाच्या साथीत औषधांच्या दुकानांतून ऑक्सिमीटर दिसेनासे झाले होते आणि आशाताई ते हातात घेऊन दारोदार फिरत होत्या. तो चिमटा ज्याच्या डोक्यातून निघाला, त्या जपानी अभियंत्याचं नाव ताकुओ आओयागी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते हृदयातून किती रक्त बाहेर पडतं हे कानाच्या पाळीतून प्रकाश सोडून मोजायचा प्रयत्न करत होते. नाडीच्या ठोक्यांमुळं त्यांच्या मोजमापात सारखा व्यत्यय यायचा. तो काढून टाकताना त्यांच्या ध्यानात आलं की या ठोक्यांतच धमनीतल्या ऑक्सिजनचा आकडा लपलाय. लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश, त्यातला कुठला किती शोषला जातो यावरून ऑक्सिजन. साथीत जगभर कोट्यवधी बोटांना तो चिमटा लागत असताना, एप्रिल २०२० मध्ये, आओयागी वारले.

घरातला तो जुना चिमटा काढून रात्री लावला तर चालेल का? नाही. तो बघितल्या क्षणाचा आकडा दाखवतो, आणि श्वास अडतो तेव्हा बघणारा झोपलेला असतो. त्यासाठी रात्रभराची नोंद साठवणारा ऑक्सिमीटर लागतो. तो महाग नसतो आणि तालुक्याच्या कुठल्याही डॉक्टरला ठेवता येईल. माझ्या मते सीमाभागासाठी सुरुवात करायला याहून सोयीचं साधन नाही. पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतील. गडद त्वचेवर हा चिमटा काही वेळा खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो, असं अमेरिकेतल्या अभ्यासानं २०२० मध्ये दाखवून दिलं. आणि दुसरी थेट निपाणीची: विडी ओढणाऱ्याच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड असतो, साध्या ऑक्सिमीटरला तो ऑक्सिजनसारखाच दिसतो. ज्या गावाचं अर्थकारण तंबाखूवर उभं राहिलं, ज्या गावातल्या शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली शरद जोशींबरोबर हाच महामार्ग अडवून धरला, तिथल्या डॉक्टरनं आकडा वाचण्याआधी ‘दिवसाला विड्या किती?’ हे विचारून घेतलेलं बरं.

घड्याळांबद्दल हल्ली सगळेच विचारतात. सॅमसंगच्या घड्याळातल्या स्लीप अ‍ॅप्नियाच्या सोयीला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये मान्यता दिली, अ‍ॅपलच्या सोयीला त्याच वर्षी सप्टेंबरात. अ‍ॅपलचं घड्याळ यासाठी ऑक्सिजन बघतच नाही; झोपेतल्या मनगटाच्या सूक्ष्म हालचालींवरून श्वासाचा बिघाड ओळखतं आणि महिनाभराच्या नोंदी बघून इशारा देतं. कंपनीनंच दिलेल्या आकड्यांप्रमाणे मध्यम-तीव्र आजार असलेल्या शंभरांपैकी साधारण ६६ जणांना ते ओळखतं. म्हणजे घड्याळानं इशारा दिला तर तो गंभीरपणे घ्यावा, पण घड्याळ गप्प आहे म्हणून निर्धास्त राहू नये. वॉशिंग्टन विद्यापीठात राजलक्ष्मी नंदकुमार आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये साध्या मोबाईलमधून माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडून, छातीवरून परतलेल्या प्रतिध्वनीतून श्वास मोजून दाखवला. ३७ रुग्णांवर तो प्रयोग झाला. अंगाला काही न लावता मोजण्याची ही दिशा मला फार मोलाची वाटते. गादीखाली ठेवायच्या पट्ट्या हेच करतात; बंगळूरच्या डोझी या कंपनीच्या अशा पट्ट्या हृदयाचे ठोके आणि श्वास मोजायला रुग्णालयांतल्या खाटांवर वापरल्या जातात. गादीखालच्या अशाच पट्टीवर ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी सुमारे ६७ हजार लोकांच्या कित्येक रात्रींच्या नोंदी तपासल्या आणि २०२२ मध्ये सांगितलं की एकाच रात्रीवर निदान केलं तर पाचातल्या एखाद्याच्या बाबतीत ते चुकू शकतं. त्या रात्री दारू झाली, सर्दी झाली, पाठीवर झोप लागली की आकडा बदलतो. स्वस्त यंत्राच्या चार रात्री महागड्या यंत्राच्या एका रात्रीपेक्षा कधी कधी जास्त सांगून जातात, ते यामुळं.

यंत्राच्या आधी प्रश्न येतात, आणि इथं मला तक्रार करायची आहे. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये केलेली आठ प्रश्नांची यादी जगभर वापरतात: वाचत बसल्यावर डुलकी लागते का, टीव्ही बघताना लागते का, मोटारीत तासभर मागे बसल्यावर लागते का. निपाणीत सुपात तंबाखू आणि पानं घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या मावशीला यातला कुठला प्रश्न लागू पडतो? तिला विचारायला हवं ते असं: विड्या वळताना हात थांबून मान पडते का? भजनाला बसल्यावर, एस.टी.त चढल्याबरोबर झोप लागते का? सकाळी डोकं दुखतं का? बायका घोरण्याची तक्रार घेऊन येत नाहीत. अंग मोडून आलंय, झोप लागत नाही, जीव थकलाय असं सांगतात, आणि त्यांना रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात. पाळी गेल्यानंतर बायकांत हा आजार वाढतो, हे ठाऊक असूनही. टोरांटोच्या भूलतज्ज्ञ फ्रान्सेस चुंग यांची २००८ ची दुसरी यादी घोरणं, थकवा, कुणी श्वास थांबताना पाहिलाय का, रक्तदाब, वजन, वय, गळ्याचा घेर आणि लिंग विचारते. तीही चांगली. पण त्यातली वजनाची अट आपल्या माणसांना फार वरची पडते.

‘कुणी श्वास थांबताना पाहिलाय का’ हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि ड्रायव्हरच्या बाबतीत तो सगळ्यात अवघड. बायको घरी, हा महिन्यातले वीस दिवस केबिनमध्ये. त्याचं घोरणं आणि मधेच गप्प होणं ऐकणारा एकटा क्लीनर असतो, आणि त्याला कुणी डॉक्टरकडे बोलवत नाही. ड्रायव्हर स्वतःही सांगत नाही. लायसन गेलं तर पोट कशावर भरायचं? अवजड वाहनाच्या परवान्यासाठी डॉक्टरनं भरून द्यायच्या नमुना १-अ मध्ये फेफरं, चक्कर, हृदय-फुप्फुसाचा आजार, रंग ओळखणं, ऐकणं, रातांधळेपणा सगळं आहे. घोरण्याबद्दल आणि दिवसाच्या झोपेबद्दल एक प्रश्न नाही.

हा प्रश्न इतरांपुढंही आला, आणि काहींनी तो सोडवला आहे. १ डिसेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कमध्ये लोकल गाडी ताशी सुमारे ४८ किलोमीटरची मर्यादा असलेल्या वळणावर १३२ च्या वेगानं गेली आणि चारजण दगावले. मोटरमन पेंगला होता. तपासात त्याला तीव्र स्लीप अ‍ॅप्निया निघाला, जो त्याला स्वतःला माहीत नव्हता. युरोपीय संघानं २०१४ मध्ये नियम बदलला: मध्यम किंवा तीव्र आजाराचा संशय असेल तर तपासणी, आजार निघाला तर उपचार, आणि उपचार नीट चालू आहेत असं दिसलं की परवाना कायम, अवजड वाहनवाल्यांची दरवर्षी फेरतपासणी. परवाना काढून घेणं हा त्या नियमाचा हेतूच नाही. आणि उपचार आहेत. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये पाच रुग्णांवर दाखवलं की नाकावर मास्क लावून हलक्या दाबानं हवा सोडली की घशाची वाट उघडी राहते. सीपॅप नावाचं ते यंत्र आज चाळीस वर्षांहून जास्त काळ माणसांना झोप देतंय.

मग आपल्याकडे काय अडतं? २०२३ मध्ये महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली जनआरोग्य योजना द्यायचं ठरवलं, कर्नाटकानं हरकत घेतली. तो वाद त्याच्या गतीनं चालेल. नमुना १-अ वर सही करणाऱ्या डॉक्टरला मात्र त्यासाठी थांबायचं कारण नाही. त्यानं टेप घेऊन गळ्याचा घेर मोजावा, रक्तदाब बघावा, क्लीनरला आत बोलावून दोन प्रश्न विचारावेत आणि शंका आली तर नोंद ठेवणारा ऑक्सिमीटर एका रात्रीसाठी त्या ड्रायव्हरच्या हातात द्यावा. निपाणी, संकेश्वर, हत्तरगीच्या ट्रकमालकांनी आणि वाहतूक संघटनांनी मिळून असे दहा-वीस ऑक्सिमीटर घेऊन ठेवले, तरी सुरुवात होईल. 

आणि वाचकहो, या दिवाळीत घरं पाहुण्यांनी भरलेली असतील, सोप्यात ओळीनं अंथरुणं पडतील. त्यातलं कुणी मोठ्यानं घोरता घोरता मधेच गप्प झालं आणि मग धापा टाकत परत घोरू लागलं, तर हसून कूस बदलू नका. मोबाईल काढा, दोन-तीन मिनिटं आवाज टिपून घ्या आणि सणानंतर त्या माणसाला घेऊन डॉक्टरकडे जा, तो आवाज त्यांना ऐकवा. तो माणूस ड्रायव्हर असेल तर सण संपायची वाट बघू नका. त्याच्या पुढच्या फेरीच्या आधी जा.